डोक्यावरची कुऱ्हाड

बोरदऱ्याचा डोंगर, ता. पारनेर
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय शॅरनताई,

रागावली असशील. माझा मोबाईल बंद लागतो म्हणून आधी मला, मग कंपनीला, मग मोबाईलवाल्यांना बोल लावून झाले असतील. मोबाईल मी पुण्यातच विकून टाकला. यापुढे पत्रं. डोंगराखाली बोरदरा गाव आहे, तिथल्या दूध डेअरीच्या पत्त्यावर लिही. गोरक्ष म्हणून सेक्रेटरी आहेत, ते ठेवून घेतील. आठवड्याला एकदा मी मीठ-पिठासाठी उतरतो, माणसांशी तेवढाच संबंध.

आईला समजावून सांग. मला वेड लागलेलं नाही, कुठल्या मुलीने नकार दिलेला नाही, नोकरीवरून काढलेलंही नाही. मीच सोडली. पप्पा गेले तेव्हा अजून घरात पाहुणे होते आणि मॅनेजरने कारखान्यातून फोन करून विचारलं होतं, लाईन कधी सुरू करतोस? तेव्हापासून त्या जगाचा मला वीट आला. सगळे एकमेकांचं ओरबाडतात, आणि मीही त्यातलाच होतो. आता नाही.

ही जागा तू बघायला हवी. आजूबाजूचे डोंगर उघडेबोडके, आणि मधेच हा एक हिरवागार. कमरेएवढं गवत, खैर, हिवर, सीताफळी, सकाळी मोर. इथे माणसाचा हात लागलेला नाही, ताई. आपल्या नगर जिल्ह्यात असं रान उरलंय हे कोणाला खरं वाटणार नाही. वरच्या अंगाला छोटंसं तळंसुद्धा आहे.

झोपडी मी एकट्याने उभारली. कुऱ्हाड पारनेरच्या बाजारातून आणली, सरळसोट कोवळी झाडं निवडून तोडली, त्यांचे खांब केले, वर गवत शाकारलं. हाताला फोड आले. ते बघून मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणाचं काही घेत नाहीये.

तुझा,
रॉबिन

*

श्रीरामपूर
२४ नोव्हेंबर २०२४

रॉब्या,

प्रिय लिहायची अजिबात इच्छा नाही, म्हणून लिहीत नाही.

काय रे, तुला एकट्यालाच जगाचा वीट येतो का? मी रोज हॉस्पिटलात लोकांची सलाईनं बदलते, त्यांच्या नातेवाइकांच्या शिव्या खाते, घरी येऊन आईचे पाय दाबते. मला नाही वाटत डोंगरावर जावंसं? रोज वाटतं. पण मग आईला गोळ्या कोण देणार, तुझे मोर?

घरी काय चाललंय ते ऐक. चर्चच्या महिला मंडळात आईला विचारलं, रॉबिन दिसत नाही? आईने मान खाली घातली. तेव्हा मीच म्हटलं, हैदराबादला लागलाय. हैदराबाद अशासाठी, की तिथे आपलं कोणी नाही. तर पाळकबाई विचारतात, तिथे कुठल्या चर्चला जातो? आई म्हणाली, मोठ्या. बिचारी घरी येईपर्यंत घामाने भिजली होती. चर्चच्या दारात उभी राहून खोटं बोलले, असं दिवसभर म्हणत होती. आईला आता तुझी काळजी कमी आणि लाज जास्त वाटते, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

तू कुठे आहेस हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. पाणी उकळून पी. त्या तळ्याच्या कडेला शेवाळं लई आहे म्हणे, पाय घसरून पडशील, तिथे काढायला कुत्रंही येणार नाही. गोधडी पाठवतेय. आईने शिवलेली आहे, नको म्हणून परत पाठवलीस तर बघ.

शॅरन

*

बोरदऱ्याचा डोंगर
१९ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

गोधडी मिळाली. पांघरतो. शेवाळ्याचं तुला कोणी सांगितलं? असो, तळी सगळी सारखीच असणार.

नाताळला येणार नाही. राग मानू नकोस. इथे मला माझा सूर सापडत चाललाय, आत्ताच उतरलो तर सगळं विस्कटेल. गाव मोठं समजूतदार आहे. मला भीती होती की लोक चौकशा करतील, बघायला येतील. कोणी म्हणजे कोणी फिरकत नाही. गवत कापायला बायका येतात, त्याही माझ्या बाजूला न येता पलीकडच्या उतारावर कापतात. सरपंच राधाकृष्णभाऊ डेअरीवर भेटले की हात जोडतात, "काय कमी-जास्त लागलं तर सांगा" एवढंच म्हणतात. माणसाचा एकांत राखणं शहरातल्यांनी यांच्याकडून शिकावं.

एकदा झोपडीमागे वाळक्या लाकडांची मोळी पडलेली दिसली. कोणी तरी विसरलं असेल. मी तिला हात लावला नाही. आपल्याला लागेल ते आपण तोडायचं, हा माझा नियम आहे.

एकाच बाईचा त्रास आहे. राहीबाई म्हणून पायथ्याला एकटी राहते, चार शेळ्या बाळगून. परवा मी चुलीसाठी एक खैर तोडत होतो तर ही बाई झाडांतून धापा टाकत आली आणि खेकसली, "आरं ए पोरा, कुऱ्हाड ठिव खाली! हितली काडी मोडायची न्हाई!"

मी शांतपणे म्हटलं, "मावशी, हे रान काही कोणाच्या मालकीचं नाही."

"मालकीचं न्हाई मनून तर वरडते!" असं म्हणाली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मला हसूच आलं. तेवढ्यात तिच्या मागून एक करडू चढून आलं, ते एका रोपाचा शेंडा खाऊ लागलं. म्हणजे स्वतःच्या शेळ्या रान खातात आणि उपदेश मला! मी करडू हाकललं, तर त्याला कवटाळून, मला शिव्या देत उतरून गेली.

नंतर डेअरीवर मी राधाकृष्णभाऊंच्या कानावर घातलं, की त्या बाईच्या शेळ्या वर येतात, एवढं चांगलं रान खराब होईल. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." जगापासून लांब राहूनही आपल्या हातून रानाचं थोडं भलं झालं, याचं समाधान वाटलं.

आईला नाताळच्या शुभेच्छा सांग. करंज्या माझ्या वाटच्या तूच खा.

रॉबिन

*

श्रीरामपूर
६ जानेवारी २०२५

रॉब्या,

खाल्ल्या. तुझ्या वाटच्याही खाल्ल्या, आणि रडत खाल्ल्या. झालं समाधान?

नाताळच्या उपासनेला आई शेवटच्या बाकावर बसली, म्हणजे बाहेर पडताना कोणी गाठू नये. तरी गाठलंच. म्हटलं, रजा नाही मिळाली.

आता खरं सांगायचं ते सांगते. माझं ठरलंय. संगमनेरचा शमुवेल, शाळेत शिकवतो, तू त्याला एकदा भेटलायस. साखरपुडा फेब्रुवारीत, लग्न मेमध्ये. त्याच्या घरच्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, भाऊ काय करतो? त्यांनाही हैदराबादच सांगितलंय. शमुवेलला तरी खरं सांगायला हवं होतं, तोंड उघडलंसुद्धा, पण त्याची आई समोर होती. साखरपुड्याला ये. दाढी करून ये. हैदराबादहून आल्यासारखा ये.

शॅरन

*

बोरदऱ्याचा डोंगर
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

साखरपुड्याला मी येणार नाही. पण या वेळी माझ्या तत्त्वांमुळे नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटते. काय झालं ते सांगतो. मधे थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका दमात लिहितो.

सव्वीस जानेवारीला पीठ आणायला खाली उतरलो. झेंडावंदन झालं होतं आणि मारुतीच्या देवळापुढे ग्रामसभा बसली होती. राधाकृष्णभाऊ शाळेच्या मुलांना सांगत होते, मी मागे उभा राहून ऐकू लागलो. म्हणाले, "पोरांनो, आमच्या लहानपनी ह्यो डोंगुर नुसता दगुड हुता. तुमच्या आज्या-पंज्यांनी उन्हातान्हात चर खांदलं, डोक्यावर मुरूम वाहून वरचं तळं बांधलं, येक-येक रोप लावलं. आनि शपथ घेतली. कुऱ्हाडबंदी आनि चराईबंदी. लगीन असू द्या, मयत असू द्या, डोंगरावरची वली काडी मोडायची न्हाई. शेळी चढवायची न्हाई."

ताई, माणसाचा हात लागलेला नाही असं मी तुला लिहिलं होतं. तिथे माणसाचे हात सोडून दुसरं काहीच नव्हतं. ते सगळे इतकी वर्षं पोटाला चिमटा घेऊन त्या डोंगरापासून लांब राहिले, म्हणून ते रान झालं. आणि मी जाऊन त्यातलीच सरळ झाडं निवडली.

मला वाटलं, आता सगळे माझ्याकडे वळतील. पण भाऊ म्हणाले, "यंदा वरची झाडं तुटल्याली हायेत. राहीबाईच्या शेळ्या बी वर दिसल्या, अशी तक्रार हाय."

तक्रार माझी होती. एवढं बोलून भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, ओळखीच्या माणसाकडे पाहून हलवतात तशी.

राहीबाई उठली. म्हणाली, "करडू येकदा चढलं, मी न्हाई म्हनत न्हाई. पर झाड म्या न्हाई तोडलं. त्यो वरचा..." कोणीतरी तिला तिथेच तोडलं, "पाव्हन्यावर ढकलती व्हय?" आणि लोक हसले.

या गावचा नियम असा आहे. ज्याने झाड तोडलं त्याने स्वतःच्या घरची कुऱ्हाड डोक्यावर घेऊन, दोन्ही हातांनी धरून, सगळ्या गावातून मारुतीपर्यंत चालत यायचं आणि ती देवळात ठेवायची. ती परत मिळत नाही. मारहाण नाही, काही नाही, फक्त गाव बघत राहतं. राहीबाईला तीच शिक्षा झाली, ती पायथ्याच्या घरून चालत आली. वाटेत तिचा पदर डोक्यावरून सरकला, खांद्यावरून सरकला, पण हात कुऱ्हाडीला, तिला तो सावरता येईना. तशीच आली. एकही बाई पुढे झाली नाही. पोरं मागून चालत होती.

मी काय केलं? मी कडुनिंबाच्या बुंध्यामागे सरकलो. पिठाची पिशवी छातीशी धरून उभा राहिलो. एक शब्द बोललो असतो, मीच तो, एवढा, तर ती थांबली असती. तोंडातून निघाला नाही. सगळे पांगल्यावर दुकानात गेलो. मीठ घ्यायचं विसरलो नाही, ताई. ते मात्र घेतलं.

वर आल्यापासून चूल पेटवलेली नाही. पीठ पाण्यात कालवून खातो. झोपडीच्या खांबांकडे बघवत नाही.

रॉबिन

*

श्रीरामपूर
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय रॉबिन,

पत्र आईला दाखवलं नाही. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून वाचलं.

आता माझं ऐक, आणि ऐकल्यावर मला काय म्हणायचं ते म्हण. तुझं पहिलं पत्र आलं, त्याच दिवशी मी राधाकृष्ण सरपंचांना फोन केला होता. त्यांची आई आमच्याकडे ॲडमिट होती, शेवटी-शेवटी तिचं सगळं मीच केलं, तेव्हापासून ते मला बहीण मानतात. त्यांना म्हटलं, माझा भाऊ वर बसलाय, डोक्यात खूळ शिरलंय, त्याला कळू न देता सांभाळा. ते म्हणाले, "ताई, केसाला धक्का लागू देनार न्हाई." शेवाळ्याचं त्यांनीच सांगितलं. ती वाळकी मोळी त्यांनीच ठेवायला लावली होती, तू झाडं तोडू नयेस म्हणून. तोंडावर सांगायला मीच मना केलं होतं. तू दुखावशील, आणखी लांब कुठे निघून जाशील, याची मला भीती होती.

याहून वाईट पुढे आहे. जानेवारीत त्यांचा फोन आला, "ताई, झाडांवरून गावात कुजबुज हुती, पर मिटवलं." कसं मिटवलं, हे मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं ना? मी म्हणाले, थँक्यू भाऊ. ती बाई उघड्या डोक्याने गावातून चालली त्याचं मी थँक्यू म्हटलंय, रॉबिन. हे वाचल्यापासून तो शब्द माझ्या तोंडातून जात नाही.

आणि तरीही, इतकं सगळं कळूनही, मी तुला सांगणार आहे की लग्न होईपर्यंत गप्प बस. शमुवेलच्या घरी तू हैदराबादला आहेस. मी खोटारडी ठरेन, आई खोटारडी ठरेल. शिवाय आपण कोण आहोत तेही विसरू नकोस. रॉबिन नावाचा पोरगा गावाचा डोंगर तोडत होता, लोकांना एवढं पुरतं. मेपर्यंत थांब. मग जे करायचं ते कर.

मला हे लिहिताना लाज वाटतेय. तरी लिहितेय.

शॅरन

*

बोरदरा
३० मार्च २०२५

ताई,

तुझं पत्र वाचून महिनाभर लिहिलं नाही. आधी तुझा संताप आला. मी एकटा राहत होतो असं मला वाटत होतं आणि तुम्ही सगळे मिळून मला एकटं खेळू देत होतात, लहान मुलाला खेळू देतात तसं. मग कळलं की संताप सोपा आहे म्हणून मी तो करतोय. फोन तू केलास, पण कुऱ्हाड माझ्या हातात होती.

राधाकृष्णभाऊंकडे गेलो आणि म्हटलं, झाडं मी तोडली. ते चहा पीत होते, त्यांनी माझ्यापुढे कप सरकवला. "आवो, आख्ख्या गावाला ठाव हाय. तुमच्या कुऱ्हाडीचा आवाज पार डेअरीपत्तोर यायचा."

"मग राहीबाईंना का?"

"कुनाचं तरी नाव घ्यावं लागतंच. न्हाईतर उद्या जो-तो कोयता घिऊन वर पळंल. तुमचं घ्यावं तर तुमच्या बहिनीला शबुद दिल्याला. बाई येकटी हाय, दोन दिस रडंल, इसरंल. तुमी मनाला लावून घिऊ नका."

वाईट माणूस नाही ताई तो. माझा चहा गार होईल याचीही काळजी होती त्याला.

तिथून राहीबाईकडे गेलो. ती दारात शेळीच्या पायातला काटा काढत होती. मी म्हटलं, मावशी, माझं चुकलं, झाडं मी तोडली. तिने मान वर केली नाही.

"मला काय सांगतो? म्या न्हाई तोडली, ह्ये मला ठाव न्हाई का?"

मी म्हटलं, मग काय करू?

"जितं मला हुबं केलं तितं जाऊन बोल. माजं नाव घिऊन बोल. हिनं न्हाई केलं असं मन. तवर माज्या दारात येऊ नगं, बाया-मानसं आधीच काय-बाय बोलत्यात." मग म्हणाली, "पावन्याला पानी इचारायचं असतं, पर तुला न्हाई इचारनार." आणि पुन्हा शेळीचा पाय धरला.

पुढची ग्रामसभा एक मेला आहे. मी माझी कुऱ्हाड डोक्यावर घेऊन गावातून चालणार. तुझ्या लग्नाच्या आधी तीन आठवडे पडतंय, मला माहीत आहे. मेपर्यंत थांब म्हणालीस, मेच आहे. तुझं लग्न माझ्यामुळे मोडलं तर मी कुठल्या तोंडाने तुझ्यापुढे येईन मला माहीत नाही. पण आत्ताही मी तोंड कुठे घेऊन फिरतोय?

झोपडी उतरवली. खांब एकावर एक रचून ठेवलेत, न्यायला नको वाटतात आणि सोडवतही नाहीत. डेअरीच्या मागच्या खोलीत राहतो.

रॉबिन

*

श्रीरामपूर
६ मे २०२५

प्रिय रॉबिन,

तू पत्र लिहिशील याची वाट बघत होते, पण तुझ्याआधी तुझा व्हिडिओ आला. महिला मंडळाच्या ग्रुपवर आला, नर्सेसच्या ग्रुपवर आला, शमुवेलच्या मावशीने केडगावहून पाठवला. मागे बासरी लावलीय. खाली लिहिलंय, "चूक कबूल करणारा आदर्श तरुण".

लग्न मोडायची भीती होती ना तुला? शमुवेलच्या वडिलांनी स्वतः फोन केला. म्हणाले, असा मुलगा घरात असताना हैदराबाद कशाला सांगितलंत, आम्हाला अभिमान वाटला असता! पाळकसाहेबांनी रविवारी प्रायश्चित्तावर संदेश दिला आणि तुझं नाव घेतलं. आई पहिल्या बाकावर बसली होती. आई, रॉब्या! उपासनेनंतर लोक येऊन तिचा हात हातात घेत होते. तीच आता सगळ्यांना व्हिडिओ पाठवते. इतक्या महिन्यांनी तिने मान वर केली, ती मी खाली कशी घालायला लावू?

पण मी तो व्हिडिओ पुन्हा-पुन्हा बघितला. तू चालत येतोस. स्वच्छ पांढरा सदरा, डोक्यावर कुऱ्हाड. दोन्ही बाजूंनी लोक मोबाईल धरून उभे. बायका तुझ्या पायावर पाणी घालतात. पाणी, रॉबिन. देवळापुढे तू म्हणतोस, "झाडं मी तोडली." लगेच टाळ्या. राधाकृष्णभाऊ तुला मिठी मारतात, शाल घालतात, नारळ देतात, खुर्चीवर बसवतात. तू राहीबाईंचं नाव घेतलंस का? ओठ हलताना दिसतात. ऐकू येत नाही.

ती कोण ते मी कधी बघितलेलं नाही, पण मी ओळखलं. तू देवळाजवळ पोहोचतोस तेव्हा गर्दीतून एक बाई पुढे येते, डोक्यावर पदर घट्ट धरलेला. ती तुझ्या अगदी समोर येते. तिला काहीतरी ऐकायचं असावं, म्हणून जवळ आली असावी. तेवढ्यात मोबाईल धरलेला माणूस म्हणतो, "ओ बाई, बाजूला व्हा, मधी येऊ नका." कोणीतरी तिचा दंड धरून तिला मागे ओढतं. मग ती दिसत नाही.

आवाज स्पष्ट आहे. बासरी लावूनही ऐकू येतो. तू तिथून हातभर अंतरावर आहेस. मला एकच सांग, तू ते ऐकलंस का?

शॅरन

*

बोरदरा
१३ मे २०२५

प्रिय ताई,

राहीबाईंचं नाव मी घेतलं होतं. "राहीबाईंनी नाही तोडली" असं म्हणालो होतो. पण टाळ्या आधीच सुरू झाल्या होत्या. टाळ्या थांबल्यावर पुन्हा म्हणता आलं असतं, कोणी माझं तोंड धरलं नव्हतं. तोवर खांद्यावर शाल आली होती आणि मी आभार मानत होतो.

दुसऱ्या दिवशी भाऊंना म्हटलं, सभेत त्या बाईची माफी मागायची राहिली. ते म्हणाले, "आता पुन्यांदा कशाला? समदं गोड झालं न्हवं." मग म्हटलं, निदान तिची कुऱ्हाड परत द्या. तर म्हणाले, देवापुढे ठेवलेली परत काढत नाहीत. तिची आणि माझी शेजारी-शेजारी टेकवून ठेवल्यात. माझ्या कुऱ्हाडीला कोणीतरी हळद-कुंकू वाहिलंय, पोरं तिच्यासोबत फोटो काढतात.

राहीबाईकडे गेलो. नारळ आणि शाल तिच्या दारात ठेवली. ती बाहेर आली, नारळ उचलून माझ्या हातात दिला, शाल त्याच्यावर ठेवली. म्हणाली, "मला ह्या डोंगरानं गावातून उठवलं. तुला त्यानं गावात बशिवलं. जा बाबा आता तुझ्या घरी." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. आवाजात राग नव्हता, कंटाळा होता.

ऑगस्टच्या ग्रामसभेत मी पुन्हा उभा राहणार आहे. या वेळी बिनशालीचा, बिनकुऱ्हाडीचा. फक्त तिचं नाव घ्यायला आणि तुझ्या फोनचं व माझ्या तक्रारीचं सांगायला. गोरक्ष म्हणतात, असं केलंत तर मग गाव तुमचं ऐकून घेणार नाही. नको ऐकू दे. लग्नाला येईन, पण आधी शमुवेलला सगळं सांग. त्याच्या घरच्यांना अभिमान कशाचा वाटतोय, ते त्यांना कळू दे. आईला मीच सांगेन. तिची मान पुन्हा खाली जाईल, आणि या वेळी ती मीच घातलेली असेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर पानभर टाळलं. ऐकलं. "बाजूला व्हा" ऐकलं, आणि तिला मागे ओढताना तिचा पदर पुन्हा सरकला, तोही पाहिला. मी थांबू शकलो असतो. पण माझं तोंड तेव्हा मोबाईलकडे होतं, आणि माझ्या मनात एवढंच आलं की आता थांबलो तर व्हिडिओ बिघडेल.

तुझा,
रॉबिन